डोंगर दिसतो तेव्हा चहाची वेळ असते

नेपाळात बघण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्या पुष्कळ माणसांना मी नेपाळातच जेवायला वाढलेलं आहे. पशुपतीचं दर्शन झालं, नायलॉनच्या साड्या घेतल्या, घडीची छत्री घेतली, संपला नेपाळ. परत येताना गाडीत हेच बोलणं. आता आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्येही तेच ऐकते. लोक सिमल्याचे फोटो दाखवतात, कुणाचा मुलगा स्वित्झर्लंडचे पाठवतो, आणि नेपाळ म्हटलं की हात झटकतात. मी चारचौघांत बोलणारी नाही. जिन्यात कुणी समोर आलं तरी भिंतीकडे सरकते. पण मी गप्प बसले म्हणजे मला पटलं असं कुणी समजू नये, म्हणून हे लिहून ठेवते. कुणी वाचावं असं काही नाही. शिक्षण चौथी, तेव्हा चुकेल तिथं चुकेल.

मी यात्रा कंपनीत स्वयंपाकीण होते.

माझं माहेर मुर्ध्याचं, भाईंदरजवळचं मिठाचं आणि मासळीचं गाव. बाप मिठागरावर. सासर भाईंदरचं, नवरा खाडीत होडीवर मिठाची पोती चढवायचा. पुढं त्याची पाठ धरली आणि ओझं उचलेना. तेव्हा मी लग्नकार्यात पोळ्या लाटायला जायला लागले. एका बारशाला नानांनी माझ्या पोळ्या खाल्ल्या. नाना भाईंदर-बोरिवलीकडच्या लोकांना काशी, प्रयाग, गया करवून आणायचे. पुढं त्यांनी त्याला नेपाळ जोडला. त्यांचा आचारी कुठल्याशा कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला होता, म्हणून ते मला विचारायला घरी आले.

सासू म्हणाली, "बायमानूस एवढं लांब जातं? लोकं काय बोलतील?"

नवरा पडल्यापडल्याच म्हणाला, "बोलूं दे. आपली चूल काय लोकं पेटवीत न्हाय."

असं माझं जाणं ठरलं. साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. आमच्याकडच्या बायका तेव्हा देवळाला गेल्या तर शेजारच्या उत्तनच्या पलीकडे जात नसत.

यात्रा कंपनीतली स्वयंपाकीण म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. मुक्काम आला की यात्रेकरू पाय पसरतात आणि स्वयंपाकिणीचा दिवस सुरू होतो. मी कुठंही उतरले की पहिलं पाणी कुठं आहे ते बघायची, मग वारा कुठून येतो ते. पंपाचा स्टोव्ह वाऱ्यावर ठेवला तर रॉकेल जळतं आणि भात कच्चा राहतो. दोन मोठे स्टोव्ह, पितळी पातेली, परात, पोळपाट, लोणचं, मेतकूट, गोडा मसाला, गूळ हे इथून न्यायचं. भाजी, दूध, रॉकेल वाटेत घ्यायचं. मीठ मात्र मी घरचं न्यायची, आमच्या आगरातलं जाडं, काळपट. नाना हसायचे. पण पिशवीतल्या बारीक मिठाचा माझ्या हाताला अंदाज नाही. मुठीत धरलं की कळलं पाहिजे.

यात्रेकरू तऱ्हेतऱ्हेचे. परळच्या एक बाई गंगेच्या पाण्याशिवाय चहा घेत नसत. काशीहून कॅन भरून घ्यायच्या आणि त्यातूनच त्यांचा चहा वेगळा करायला लावायच्या. काठमांडूला कॅन संपला. दोन वेळा चहावाचून राहिल्या, मग त्यांनीच ठरवलं की बागमती शेवटी गंगेलाच मिळते, आणि मला म्हणाल्या, ठेवा आधण. एक गृहस्थ काठमांडूजवळच्या भादगावचं पाच मजली देऊळ बघून आले. मी विचारलं, कसं होतं? म्हणाले, पायऱ्या फार आहेत, आज वांगं केलंय का?

मला विचारावं लागायचं, कारण मी पाहिलेलं नसायचं. हेच सांगायचं आहे. नेपाळला मी वर्षातून एक-दोनदा जात होते, पण नेपाळ पाहिला नव्हता. सगळे देवळं बघायला गेले की मी धर्मशाळेच्या मागच्या नळावर भांडी घासत असायची. पशुपतीचं दर्शनही पहिल्यांदा झालं ते दुपारची आवराआवर आणि संध्याकाळची कणीक यांच्या मध्ये, ओल्या पदरानं, पळत जाऊन पळत आले.

आणि दामन. दामनचं तर मला फार लागायचं.

रक्सौलला आगगाडी सोडली की टांग्यानं सरहद्द ओलांडून वीरगंजला जायचं. तिथून नेपाळी बस. आधी सपाट जंगल, मग चढण सुरू होते ती संपतच नाही. रस्ता असा वळतो की मागचं चाक पुढच्याला बघतं. अर्धी बस ओकायला लागते. खूप वर चढून खिंड ओलांडली की पलीकडच्या उतारावर दामन येतं. चार घरं, एक-दोन खानावळी. एवढ्या चढणीनं माणसं हैराण झालेली असत, म्हणून नाना रात्रीचा मुक्काम तिथं करायचे.

आम्ही उतरायचो ती खानावळ माइली नावाच्या बाईची. वय माझ्याएवढंच. मला ती मागची खोली रांधायला द्यायची. पहिल्या खेपेला तिथं माझी फजिती झाली. एवढ्या उंचावर पाणी लवकर उकळतं, पण त्या उकळण्यात दम नसतो. तुरीची डाळ मी किती वेळ ठेवली, फुटेचना. यात्रेकरू ताटं घेऊन बसलेले. शेवटी पिठलं केलं. माइली दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "यहाँ मूँग पकाओ दिदी. तुम्हारा वो दाल नीचे का है." तेव्हापासून दामनला मूग.

जाताना मी तिला मिठाची पुरचुंडी दिली. तिनं एक खडा जिभेवर ठेवला आणि बाकीचं पदरात बांधलं. तिच्या लहानपणी तिचा बाप मिठासाठी कित्येक दिवस चालत जायचा आणि कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीतून मीठ आणायचा. घरात मीठ कुलपात असे. मी सांगितलं, माझा बाप मीठ पिकवतो, आमच्याकडे त्याच्या राशी उघड्या जमिनीवर पडलेल्या असतात. तिला ती थाप वाटली. "ढेर? जमीन पर? और कोई चोरी नहीं करता?" त्यानंतर दर खेपेला मी तिच्यासाठी पिशवी न्यायची.

आणि दर खेपेला ती विचारायची, "हिमाल देखा?"

दर खेपेला मी मान हलवायची. नाही.

दामनच्या घरांमागं एक टेकाड आहे. थोडंसं चढायचं. तिथून उत्तरेला बर्फाचे डोंगर दिसतात, एक-दोन नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी रांग. पण ते दिसतात पहाटे. ऊन जरा वर आलं की दरीतून ढग उठतात आणि पडदा पडतो. डोंगर दिसायची वेळ हीच चहाची, आंघोळीच्या पाण्याची, वाटेत खायच्या पुऱ्या तळायची. यात्रेकरू अंथरुणातून चहा मागायचे, मी खोलीत स्टोव्हपुढं, आणि खोलीची खिडकी दक्षिणेला. मी बाहेर येईपर्यंत सगळं पांढरं झालेलं असे. यात्रेकरूही बघत नसत, थंडी फार म्हणून. नाना सगळ्यांना बसमध्ये घालायचे, कारण दुपारी काठमांडूच्या बाजारात पोहोचायचं असे.

एकदा माइली चिडली. म्हणाली, "तेरे मुसाफिर सोते हैं, तू पकाती है. तो हमारा हिमाल रोज निकलता है किस के लिए?"

ते डोक्यात राहिलं. पुढं भाईंदरला कुणाच्या लग्नात पोळ्या लाटत असले तरी ते आठवायचं आणि मला राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही.

मग एका कार्तिकातली खेप आली. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. दिवाळी झाली होती, आभाळ धुतल्यासारखं होतं. त्या खेपेला भाईंदरचे आप्पा आणि त्यांची बायको होती. आप्पा गिरणीच्या हपिसातून निवृत्त झालेले. काकू कधी बोलायच्या नाहीत, आप्पांचा मफलर, आप्पांचं औषध, आप्पांचं गरम पाणी यातच असायच्या. आप्पा बसमध्ये सारखे बोलत होते. आमच्या सह्याद्रीला तोड नाही, इथं काय, नुसती चढण.

दामनला पोहोचलो. माइली म्हणाली, उद्या असं दिसेल की वर्षातून एकदाच दिसतं. मी कणीक मळताना एक वाक्य तयार केलं. मनात सतरांदा म्हटलं. जेवणं झाल्यावर नाना सगळ्यांत बसले होते तिथं गेले, पदर पोटाशी धरला आणि म्हटलं, "नाना, उद्या सकाळी मला थोडा वेळ वर जायचंय. डोंगर बघायला."

नाना म्हणाले, "बाई, तुला यात्रेला आणलीय की कामाला?"

सगळे हसले. आप्पा म्हणाले, "डोंगर काय पळून जातोय? म्हातारपणी ये आमच्यासारखी." पुन्हा हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत, त्या आप्पांच्या पायमोज्यांकडे बघत होत्या.

नाना वाईट नव्हते. एकदा गयेला मला ताप आला तर त्यांनी स्वतः कणीक मळली होती. पण कंपनीत ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. यात्रेकरूनं बघायचं, नानांनी दाखवायचं, बाईनं रांधायचं. मी म्हटलं, "बरं." माझं बरं म्हणजे होकार, असं सगळे समजत आले आहेत.

आत जाऊन माइलीला सांगितलं, सकाळी चहा वर होईल. तिला आधी कळलं नाही. मी म्हटलं, मला वर जायला सुट्टी नाही, पण चहा कुठं करायचा हे कुणी सांगितलेलं नाही. चहा वर गेला की मलाही वर जावं लागणार. माइली इतकी हसली की तिला तोंडात पदर कोंबावा लागला.

उजाडायच्या आत आम्ही दोघींनी सामान वर नेलं. तिनं पाठीवरच्या टोपलीत स्टोव्ह आणि पातेलं घेतलं, मी किटली, दूध, साखर, कपांची पाटी. दम लागत होता. वर वारा असा होता की स्टोव्ह पेटेना. काडी लावली की विझायची. चहा झाला नाही तर मी नुसतीच पळून आले असं ठरलं असतं, आणि मग नानांनी मला रक्सौलच्या परतीच्या बसमध्ये बसवून दिलं असतं. माइलीनं अंगावरची जाड शाल काढली आणि दोन्ही हातांनी धरून पडद्यासारखी उभी राहिली. त्या थंडीत, नुसत्या चोळीवर. स्टोव्ह पेटला.

खाली माणसं उठली. आप्पांचा आवाज वरपर्यंत आला, "बाई, चहा." मग परत. मग नानांचा. माइलीच्या जावेनं सांगितलं असणार, चाय ऊपर है, कारण थोड्या वेळानं कानटोप्या आणि शाली दिसायला लागल्या. ओळीनं, कण्हत, कंपनीला नावं ठेवत. नाना सगळ्यांच्या पुढं. वर आले आणि धाप लागल्यामुळं त्यांना बोलता येईना, हे माझं नशीब. मी त्यांच्या हातात कप दिला.

आता असं झालं की स्टोव्ह वाऱ्याच्या आडोशाला, म्हणून मी पाठ उत्तरेला करून बसलेली. माणसं माझ्यासमोर, कप पुढं करून. मी ओतते आहे, देते आहे, साखर ढवळते आहे. आणि एकेक करून ती गप्प व्हायला लागली. कुणी कप धरला पण चहा प्यायला नाही. मी मान वर केली. सगळ्यांच्या तोंडांवर तांबूस उजेड पडला होता, आणि मी गाडीत, धर्मशाळेत, पंगतीत पाहिलेली ही तोंडं नव्हतीच. डोंगर आधी मी त्यांच्या तोंडावर पाहिला.

आप्पांनी कप पुढं केला. "बाई, अजून एक."

माझा हात सवयीनं किटलीकडे गेला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, घ्या की हातानं. तिला बघू द्या जरा." आणि थांबून म्हणाल्या, "मलाही बघू द्या."

मी किटली खाली ठेवली आणि वळले.

मिठाच्या राशींसारखे दिसले असं लिहिलं तर सोपं होईल, पण तसं नव्हतं. मी त्यांच्यासारखं काहीच कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून कशाची उपमा देणार नाही. माइली बोटानं एकेकाचं नाव सांगत होती, अगदी उजवीकडं एक बारकं टोक दाखवून म्हणाली, तो सगळ्यांत मोठा, लांब आहे म्हणून लहान दिसतो. मागं आप्पा किटली नेमकी कुठं धरायची ते शोधत होते.

नाना म्हणाले, "बाई, पुऱ्या?"

मी मागं न बघता म्हटलं, "होतील."

पुऱ्या त्या दिवशी झाल्याच नाहीत. ढग येईपर्यंत कुणी खाली उतरलं नाही. सगळ्यांनी माइलीकडचे उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले आणि कुणाची तक्रार आली नाही. बस उशिरा निघाली, काठमांडूत पोहोचेपर्यंत बाजार मिटत आला होता, नानांच्या ओळखीचा दुकानदार वाट बघून घरी गेला होता. तेव्हा नाना माझ्यावर जे भडकले ते भडकलेच. पुढच्या खेपेला दुसरी बाई बघतो, म्हणाले. मी म्हटलं, "बरं." हे बरं मात्र खरंच होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "डोंगर पायलास ना?" मी हो म्हटलं. म्हणाला, "मंग झालं."

त्या हिवाळ्यात नानांचा निरोप आला नाही. पोळ्या लाटत होते. नोकरी गेली याचं वाईट वाटलं, त्याहून जास्त वाईट याचं, की बाकीचा नेपाळ राहिला तो राहिलाच. भादगाव मी वांग्याच्या चौकशीतून पाहिलं होतं, तेवढंच नशिबात, असं धरून चालले.

उन्हाळ्यात नाना आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, नवऱ्याच्या पाठीची चौकशी केली. मग म्हणाले, आप्पा भाईंदरभर सांगत सुटलेत, दामनच्या टेकाडावर चहा घेतला नाही त्यानं जन्मात काही पाहिलं नाही. सह्याद्रीचं नाव काढत नाहीत. आता लोक येतात आणि विचारतात, डोंगरावरचा चहा आहे ना? नाना म्हणाले, मी हो म्हणून बसलोय. माइली दुसऱ्या कुणाला स्टोव्ह वर नेऊ देईल असं वाटत नाही.

त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा अट घातली. जिथं मुक्काम असेल तिथं अर्धा दिवस माझा. त्या दिवशी जेवण थंड, दशम्या आणि चटणी, कुणी कुरकुर करायची नाही. नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान्य केलं.

त्या अटीमुळं पुढं मी जे पाहिलं ते ज्यांना नेपाळात काही नाही असं वाटतं त्यांनी ऐकावं. काठमांडूजवळ बुढानीलकंठला पाण्यात निजलेला विष्णू आहे, काळ्या दगडाचा, अंगाखाली नागाची वेटोळी. तिथं जाऊन लगेच निघायचं नाही, बसायचं. पाणी हललं की तो श्वास घेतो असं वाटतं. भादगावात कुंभारांचा एक चौक आहे, सगळं अंगण ओल्या मडक्यांनी भरलेलं, आणि त्याच मडक्यांत लावलेलं दही तिथं मिळतं, ते उलटं केलं तरी पडत नाही. मी आयुष्यभर दही लावलं, तसं मला लागलं नाही, हे कबूल करते. पाटणला देवळांच्या तुळयांवर एवढं कोरीव काम आहे की मान दुखते, दुखू द्यावी. आणि पोखरा. काठमांडूहून पोखऱ्याचा रस्ता तेव्हा नवाच झाला होता. तळ्यात डोंगर उलटा दिसतो, त्याचं नाव माशाचं शेपूट असं आहे. नावाडी म्हणाला, इथून एकच टोक दिसतं, शेपूट कळायला फार आत जावं लागतं. मी म्हटलं, भाऊ, मी मुर्ध्याची आहे, मला एवढ्यावरून बाकीचा मासा कळतो.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी ओट्यावर अट मान्य करून झाल्यावर नाना उठले, चपला घातल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"बाई, दामनला तू डोंगर बघत बसणार. मग चहा ओतणार कोण?"

मी म्हटलं, "ज्याला बघायचा नसेल तो."

कार्तिकात आम्ही पुन्हा वर चढलो. आभाळ मोकळं होतं. माइली शाल धरून उभी राहिली, मी स्टोव्ह पेटवून दिला आणि उत्तरेला तोंड करून बसले. चहा नानांनी ओतला. साखर फार झाली होती, असं मागं सगळे म्हणत होते. मला माहीत नाही. मी प्यायले नाही. मला वेळ नव्हता.